तिथीची पाऊणपट आणि किलोभर मिरची

बेळगाव जिल्ह्यातल्या संकेश्वरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपतं करून देते.

"दरवर्षी सुट्टीत आम्ही चार दिवस समुद्राला जातो. आम्ही दोघं, नववीतली मुलगी, तिसरीतला मुलगा, मामंजी आणि सासूबाई. पहिल्या संध्याकाळी सगळे खुशीत असतात. दुसऱ्या दिवशी दुपारपासून रडगाणं सुरू होतं. मामंजी म्हणतात, समुद्र काय, एकदा बघितला की झाला, तिकडं उसाला पाणी कोण पाजणार? सासूबाईंना गुडघ्यांमुळे वाळूत चालवत नाही, त्या गाडीजवळ खुर्ची टाकून बसून राहतात. मुलगी मोबाइलमध्ये. ती तशी चित्रं छान काढते, पण तिथं वही उघडत नाही. धाकट्याला गेल्या वर्षी लाटेनं पाडलं, नाकातोंडात पाणी गेलं. तेव्हापासून तो पाण्याजवळ जात नाही. ह्यांचं म्हणणं, यंदा त्याला उचलून आत न्यायचा, म्हणजे भीती मोडते. मी सगळ्यांच्या मधे. एवढा खर्च करून भांडून परत यायचं असेल तर जाऊच नये असं वाटायला लागलंय. वाळूत बसण्यापलीकडं कोकणात करण्यासारखं काय आहे? सासूबाईंच्या मनात एकदा गोव्यातल्या कवळ्याच्या शांतादुर्गेला जायचं आहे."

ताई, जा. नक्की जा. पण सगळ्यात आधी धाकट्याचं बोलू, कारण तुमच्या पत्रात मला खरी काळजी तेवढ्याच एका ओळीची वाटली.

त्याला उचलून पाण्यात न्यायचं नाही. तुमच्या ह्यांना हे वाचून दाखवा. आठ वर्षांच्या मुलाच्या पायाखालची वाळू लाटेनं ओढून नेली, तो पडला, नाकातोंडात खारं पाणी गेलं. ही भीती खुळी नाही, अनुभवाची आहे. बापानंच धरून आत नेलं तर पाण्याची भीती राहते ती राहतेच, वर बापाच्या हाताचीही बसते. त्याला यंदा समुद्र दाखवूच नका म्हटलं तरी चालेल. पाणी दाखवा, पण लाट नसलेलं. कोकणात असं पाणी पावलोपावली आहे: खाडी, तळं, देवळामागचं कुंड, बागेतला पाट. तिथं तो आपणहून किती पुढं जातो ते बघा आणि त्याच्या एक पाऊल मागं राहा.

आता सहलीकडे. माझं माहेर वेंगुर्ले तालुक्यातलं आणि सासर बेळगावचं, शहापूरचं. त्यामुळे या वाटेवर गेली चाळीस वर्षं माझं येणं-जाणं आहे. आपल्याकडची माणसं घाट उतरली की थेट वाळूत जाऊन बसतात आणि दोन दिवसांत कंटाळतात, हे मी दर सुट्टीत बघते. कोकणातली माणसं मात्र वाळूत बसत नाहीत. ती खाडीत असतात, बागेत असतात, खळ्यात आमसुलं वाळवत असतात, देवळात असतात. करण्यासारखं सगळं तिथं आहे. किनारा मागं ठेवून दोन-चार किलोमीटर आत या, माणसं काम करत असतील तिथं थांबा. तुमच्या सहाही माणसांना त्यात काही ना काही सापडेल, याची मला खात्री आहे.

आणि तुमची सहल तर संकेश्वरच्या पुलावरच सुरू होते. तुमच्या गावाला लागून वाहते ती हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते. तुम्ही गडहिंग्लज, आजरा करत आंबोलीला जाता तेव्हा सगळा रस्ता तुमच्याच नदीला उलटं धरून चाललेला असतो. मामंजींना पुढच्या सीटवर बसवा आणि नदी कुठं उजवीकडं येते, कुठं डावीकडं जाते ते मुलांना दाखवायचं काम त्यांच्याकडं द्या. आजऱ्याजवळ रामतीर्थाला दशम्या सोडा, तिथं नदी खडकांतून उतरते. मग आंबोलीत मुख्य रस्ता सोडून हिरण्यकेशीच्या देवळापाशी जा. डोंगराच्या पोटातल्या गुहेतून पाणी येतं आणि समोरच्या कुंडात पडतं. ज्या नदीवर तुमचा ऊस उभा आहे ती इथं एका ओंजळीएवढी आहे. मामंजी काय म्हणतात ते मला कळवा.

त्या कुंडाच्या काठावर धाकट्याला शांत बसू द्या. पाण्यात बोटभरही लांबी नसलेले छोटे मासे दिसतील. त्यांतली एक जात शास्त्रज्ञांनी २०२० साली नवी म्हणून नोंदवली आणि तिला नदीचंच नाव दिलं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. तेव्हा मासे पकडायचे नाहीत, पाण्यात साबण-बिस्किटं काही टाकायचं नाही, नुसतं बघायचं. "ह्या माशाचं नाव आपल्या नदीवरनं ठेवलंय" एवढं सांगितलंत तरी तो वाकून बघेल. पाण्याशी त्याचं बोलणं तिथूनच पुन्हा सुरू होऊ दे.

अजून एक गोष्ट आंबोलीत सांगण्यासारखी आहे. कुंडातलं पाणी पूर्वेला वळतं, घटप्रभेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातं. त्याच गावातून थोडं पुढं घाटाच्या कड्यावरून पडणारं पाणी पश्चिमेला, अरबी समुद्रात. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. नववीच्या मुलीला हे भूगोलाच्या पुस्तकात जलविभाजक म्हणून पाठ असेल. ते उभं राहून बघण्यात वेगळी मजा आहे.

सावंतवाडीत उतरलात की मुलीच्या हातातला मोबाइल आपोआप खाली जाईल अशी जागा आहे. राजवाड्यात गंजिफा बघा. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाचे बारा पत्ते, एकूण एकशे वीस. मत्स्य अवताराच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं. रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या गोलात राजा आपल्या सगळ्या परिवारासकट बसवायचा, तो केसाएवढ्या बारीक कुंचल्यानं. रंगवणारी माणसं तिथं कामाला बसलेली असली तर तिला त्यांच्याशेजारी अर्धा तास उभं राहू द्या. "चल, उशीर होतोय" म्हणू नका. राजवाडा कधी उघडा असतो ते आदल्या दिवशी विचारून घ्या, दारातून परत फिरावं लागलं तर तिचा विरस होईल. चितार आळीत लाकडाची खेळणी घ्यायची तर घ्या, पण सासूबाईंना गाडीतून तिथं उतरवू नका, रस्ता चिंचोळा आणि गर्दी फार. त्यांना मोती तलावाच्या काठावर बसवा.

मुक्काम एकाच ठिकाणी करा. वेंगुर्ले किंवा शिरोड्याच्या बाजूला, हॉटेलऐवजी एखाद्या घरात, जिथं घरची बाई रांधते. मी लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी सासरच्या सगळ्यांना माझा मुलूख दाखवायला निघाले होते. हौसेच्या भरात तीन दिवसांत अकरा ठिकाणं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत. काच खाली करून म्हणाल्या, "तू बघून ये, मला सांग." ते शब्द माझ्या कानात अजून आहेत. म्हणून सांगते, दिवसाला एकच गोष्ट. फार तर दीड.

निघताना एक किलो संकेश्वरी मिरची बरोबर घ्या. चांगली, वाळलेली, देठासकट. तुम्हाला ती रोजची, पण घाटाखाली मसाला करणाऱ्या बाईला तिचं मोल माहीत असतं. एप्रिल-मेमध्ये कोकणात घरोघरी वर्षाचा मसाला होतो. अंगणात मिरच्या, धणे, बडीशेप वाळत पडलेली असते. ज्या घरी उतराल तिथल्या काकींच्या हातात ती पिशवी ठेवा आणि सासूबाईंना त्यांच्या स्वयंपाकघरात खुर्ची मिळवून द्या. तुमच्या सासूबाईंनी जन्मभर मिरची निवडली, कांडली. दोघी कशाला किती तेल, धणे आधी भाजायचे की मागनं, यावर दुपार घालवतील. गाडीजवळ खुर्ची टाकून बसलेली बाई आणि ही बाई एकच आहे, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. बांगड्याच्या कढीत तिरफळ कधी पडतं तेही बघून घ्या. ते वाटायचं नसतं, नुसतं ठेचून घालायचं. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्यांसाठी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, कुयरीची म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी, सोलकढी आहेच.

त्याच अंगणात तुम्हाला रातांबे दिसतील. रातांबा म्हणजे कोकमाचं फळ, लालभडक. फोडून बिया आणि गर बाजूला काढतात, सालं उन्हात घालतात. मग तीच सालं बियांच्या मिठाळ रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा बुडवायची. चार-पाच उन्हं खाल्ली की काळसर लवचिक आमसूल तयार होतं. लहानपणी सुट्टीत आम्ही पोरं हेच काम करायचो. बोटं आठवडाभर जांभळी-लाल राहायची आणि नखांच्या कडेला झोंबायचं. तुमच्या दोन्ही मुलांना टोपलीभर रातांबे फोडायला बसवा. कपडे जुने घाला, डाग जात नाहीत. बिया टाकून देत नाहीत बरं का. त्यांतनं तेल निघतं, ते थिजून पांढरट गोळा होतो. थंडीत टाचांच्या भेगांना आम्ही तेच लावतो. मामंजींच्या टाचांसाठी एक गोळा घेऊन या.

मामंजींसाठी मात्र वेगळा बेत आहे. "एकदा बघितला की झाला" म्हणणाऱ्या माणसाला समुद्र नुसता बघायला लावला, हीच चूक. त्यांना समुद्राचं गणित द्या. कोळी आणि होडीवाले भरतीची वेळ तिथीवरनं काढतात. ज्या दिवसाची तिथी असेल तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असली तर चारची पाऊणपट तीन, भरती तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक, दोन मोजायचं. थोडं मागंपुढं होतं, खाडीत आत जाल तसा उशीर होतो, पण हिशेब चुकत नाही. पौर्णिमा-अमावास्येला पाणी सगळ्यात वर चढतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी, तो भांग.

भिंतीवरचं कॅलेंडर तुमच्या घरातही आहे आणि मामंजी ते रोज बघत असणार. निघण्याआधी चारही दिवसांच्या तिथी मांडून वेळा काढायचं काम त्यांचं. खाडीत केव्हा जायचं, केव्हा नाही, ते आता ते ठरवतील. होडीवाल्याला स्वतःचा हिशेब सांगून ताडून बघतील. शेतकऱ्याच्या हिशेबाला किंमत असते तिथं तो कंटाळत नाही.

आता खाडी. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका होडीतून तिवरांच्या वनात फिरवून आणतात. माझ्या मते तुमच्या चार दिवसांतली सगळ्यात मोलाची सकाळ ही असेल, म्हणून तिला घाई करू नका. पाणी निम्मं उतरलेलं असताना जा. होडीला पुरेल एवढं पाणीही असतं आणि झाडांची मुळंही उघडी पडलेली असतात. मामंजींच्या रीतीनं सांगायचं तर दशमीला सकाळी साडेसातला भरती, म्हणजे साडेदहाच्या सुमाराला पाणी अर्ध्यावर. तरी आदल्या दिवशी त्या बायकांना विचारून वेळ पक्की करा. आपली खाडी त्यांना ठाऊक.

होडीत बसलात की बोलणं आपोआप हळू होतं. दोन्ही बाजूंनी झाडं पाण्यात उभी. कांदळाच्या खोडातून कमानीसारखी मुळं सुटून चिखलात रोवलेली. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढे कोंभ वर आलेले, शेकडो. ती मुळंच असतात. चिखलात हवा नसते म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं. तिवराचं एक पान उलटं करून धाकट्याच्या जिभेला लावा, खारट लागेल. झाड खारं पाणी पितं आणि नको असलेलं मीठ पानावर बाहेर टाकतं. कांदळाच्या फांद्यांना शेवग्यासारख्या हिरव्या शेंगा लोंबताना दिसतील. त्या शेंगा नव्हेत, झाडावरच रुजलेली रोपं आहेत. पिकली की खाली सुटतात, चिखल असला तर तिथंच रोवतात आणि पाणी असलं तर तरंगत जाऊन दुसरीकडं. मूल झाडाच्या अंगावरच वाढतं आणि मग पाण्यात सोडायचं, हे ऐकून तुम्हालाही आपल्या पोराकडं बघावंसं वाटेल.

होडीत बसताना सगळ्यांना लाइफ जॅकेट मागून घ्या. धाकट्याला आधी दाखवा, हाताळू द्या, मगच घाला. तो नको म्हणाला तर तुम्ही त्याच्यासोबत धक्क्यावर बसा. चिखलातल्या लाल खेकड्यांचा एक चिमटा मोठा असतो, ते बिळातून बाहेर येऊन तो हलवत राहतात. अर्धा तास ते बघण्यात जाईल. होडी परत येईपर्यंत बहुतेक तो स्वतःच विचारील, आता आपण जायचं का? नाही विचारलं तरी हरकत नाही. सासूबाईंना होडीत चढता-उतरताना दोघांचा हात लागेल. धक्का आणि होडी यांत अंतर फार वाटलं तर त्यांना धक्क्यावर धाकट्याच्या सोबतीला ठेवा. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर मात्र त्यांना यंदा नेऊ नका. होडीची चढउतार आणि आतली चाल, दोन्ही त्यांच्या गुडघ्यांना जड.

वेंगुर्ल्यातच फळ संशोधन केंद्र आहे, १९५७ पासून चालू. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती तिथल्याच. मामंजींना आणि तुमच्या ह्यांना एका सकाळी तिकडं पाठवा. आपल्या भागात कडेच्या माळावर काजू लावणारे आता कितीतरी आहेत. कलम कसं निवडायचं, खड्डा कधी घ्यायचा हे तिथं विचारता येईल. बाप-लेक एकत्र बाहेर पडतील हा त्यातला दुसरा फायदा, आणि तो मला पहिल्याइतकाच मोठा वाटतो. काजूची ओली बी मुलांना सोलू देऊ नका. टरफलातल्या तेलानं कातडी भाजते.

त्याच वेळात तुम्ही मुलीला घेऊन कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाची माणसं तिथं चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावलीच्या बाहुल्या जपून आहेत. परशुराम गंगावणे यांना याच कामासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी घरच्या गोठ्याचं संग्रहालय केलं. चित्रकथी म्हणजे कागदावर रंगवलेल्या रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची पोथी. गाणारा एकेक चित्र पुढं धरतो आणि तो प्रसंग गातो. चित्रातली माणसं बाजूनं काढलेली, डोळे मोठे, टोकदार. तुमची मुलगी वहीच्या मागच्या पानावर काय काढते ते मला माहीत नाही, पण एका गावानं पिढ्यान् पिढ्या चित्रावर पोट भरलं हे तिनं बघावं असं मला फार वाटतं. तिची वही आणि पेन्सिल तुमच्या पिशवीत असू द्या. तिला "काढ" असं म्हणू नका.

धामापूरचं तळं तिथून फार लांब नाही. १५३० च्या सुमाराचं, काठाला भगवतीचं देऊळ, गर्द झाडी. वेळ उरला तर जा. कातळशिल्पं बघायला कुडोपीला जावं असं कुणी सुचवेल. जागा थोर आहे, पण एप्रिलच्या उन्हात उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, पोरांना नेऊ नका. ती थंडीत.

शिरोड्याकडची फेरी धाकट्यासाठी. आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. माणसापेक्षा कितीतरी मोठा देव, आणि नवसाला त्याला केळ्यांचे घड आणि चपला वाहतात. चपलाही देवाच्या मापाच्या. मुलाचा पाय त्यापुढं इवलासा दिसेल. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो म्हणून त्याच्या चपला झिजतात, असं तिथं सांगतात. आपल्या निपाणी-अथणीकडं चपला करणाऱ्यांची घरं आहेत, त्यामुळे एवढ्या चपलेला किती चामडं लागलं असेल याचा हिशेब मामंजींना विचारा. पुढं शिरोड्याची मिठागरं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून फिरवायचं, उन्हानं आटवायचं. १९३० च्या मे महिन्यात इथं मिठाचा सत्याग्रह झाला, लोकांनी लाठ्या खाल्ल्या. वाफ्याच्या कडेला साकळलेला मिठाचा खडा हातात घेऊन हे मुलांना सांगा.

संध्याकाळी कुठं दशावतार असेल तर घरच्या काकींना विचारून ठेवा. जत्रांचा मोसम कार्तिकात सुरू होतो, तरी उन्हाळ्यातही कुठंतरी प्रयोग असतोच. खेळ रात्री उशिरा उभा राहतो, मुलं तोवर पेंगतील. म्हणून तासभर आधी जा. देवळाच्या एका बाजूला नट आपापल्या ट्रंका उघडून बसलेले असतात, हातात छोटा आरसा, दुसऱ्या हातानं स्वतःच तोंड रंगवतात. मिशा असलेला एखादा गडी दाढी गुळगुळीत करून तासाभरात राणी होऊन उठतो. संवाद लिहिलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं तिथल्या तिथं. खेळ सुरू होऊन संकासूर राक्षस आला की मुलं जागी होतील. मग झोपली तर उचलून आणा.

समुद्राला अगदीच पाठ करा असं म्हणत नाही. सूर्य बुडताना अर्धा तास वाळूत चक्कर मारा. ज्यांना पाण्यात जायचं आहे त्यांनी गुडघ्यापर्यंत, आणि नदी किंवा खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी कुणीही नाही. तिथं ओहोटीला पाणी आत ओढतं. गावकरी नको म्हणाला तर नको.

परतीला वाट बदला, म्हणजे सासूबाईंच्या मनातलं होईल. पहाटे निघून बांदा, म्हापसा, पणजीवरून फोंड्याला, कवळ्याला. शांतादुर्गा मूळची केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा भक्तांनी देवी खाडीपलीकडं कवळ्याला आणली. आताचं देऊळ साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलं, त्यांचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीनं. हे नारोराम वेंगुर्ल्याजवळच्या कोचऱ्याचे, म्हणजे तुम्ही जिथून निघालात तिथलेच. सासूबाईंना तिथं घड्याळ दाखवू नका. त्या दिवशी तेवढं एकच देऊळ. मंगेशी, म्हार्दोळ जवळच आहेत म्हणून मोह होईल, पण पुढं घाट आहे आणि संकेश्वर लांब आहे.

तिथून साखळी, केरी करत चोर्ला घाट चढा. वळणं फार, मुलांना आधी हलकं खायला घाला आणि आवळासुपारी तोंडात द्या. घाट संपला की कणकुंबी. तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. याच खानापूरच्या रानातून म्हादई निघते आणि गोव्यात मांडवी होते. सकाळी पणजीत पुलावरून जी नदी ओलांडलीत तीच. पायऱ्यांवर बसून उरलेले लाडू खा. धाकट्याला पाय पाण्यात सोडायचे असतील तर सोडू द्या.

राहिल्या दोन व्यवहाराच्या गोष्टी. भाड्याची गाडी असेल तर महाराष्ट्र आणि गोवा, दोन्हीकडचं परमिट काढलंय का ते चालकाला आधी विचारा, नाहीतर नाक्यावर खोळंबा होतो. आणि शक्यतो एप्रिलच्या उत्तरार्धात जा. आपल्याकडच्या, कर्नाटकातल्या शाळांना बहुतेक वर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते, महाराष्ट्रातल्या मुलांना मे उजाडावा लागतो. ते मधले पंधरा-वीस दिवस कोकण मोकळं असतं, खोल्या मिळतात, आणि रातांबे नुकते पिकायला लागलेले असतात.

तारीख ठरवण्याआधी मामंजींकडं कॅलेंडर द्या. होडीत बसायच्या सकाळी दशमी-एकादशी येईल असे चार दिवस त्यांनाच शोधू देत.